१८ होल्स, २४ रजा

नाशिककराला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की काय आठवतं? हिरवीगार टेकडी, पांढरी टोपी, चौकड्यांची पँट? छे! आठवतो मॉर्निंग वॉक आणि रणजीची मॅच. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्या जागेचं नाव, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते ‘गोल्फ क्लब’च. मी त्या मैदानाच्या आसपास लहानाची मोठी झाले आणि तिथे गोल्फ खेळणारा एकही माणूस पाहिला नाही. म्हणजे शब्द आमच्याकडे होता, फक्त खेळ नव्हता.

खेळ आला वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आणि आला तो असा आला की वर्षातून तीनदा, जमलं तर चारदा, मी गोल्फ खेळायला देशाबाहेर जाते. एकटी. नोकरी आयटीतली, घर नेरुळला, भाड्याचं वन बीएचके, गाडी नाही. आता तुम्ही म्हणाल, बाई, गोल्फ आहे आणि गाडी नाही? अहो, गोल्फ आहे म्हणूनच गाडी नाही! गाडीचा जो हप्ता बसला असता तेवढी रक्कम दर महिन्याला एका वेगळ्या खात्यात जाते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मी त्या खात्याचं नाव ‘स्विफ्ट’ ठेवलंय.

पण देशाबाहेरच कशाला? इथे जागा नाही का? आहे ना. खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोनं केलेला कोर्स आहे. पैसे भरा आणि खेळा. मी तिथेच शिकले. हार्बर लाइनच्या लेडीज डब्यात गोल्फची बॅग उभी धरून मी कित्येक रविवार काढलेत. एका काकूंनी विचारलं होतं, “वीणा आहे का गं?” मी सरळ हो म्हटलं. नेरुळ ते खारघर तीन तर स्टेशनं, ती समजावण्यातच गेली असती.

मात्र जुने, मोठ्या झाडांचे, ज्यांची नावं ऐकून खेळावंसं वाटतं असे आपल्याकडचे कोर्स बहुतेक क्लबांचे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता तर १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सगळ्यात जुना. अशा जागी जायचं तर बहुतेक ठिकाणी तुम्ही मेंबर हवेत, नाहीतर कुणा मेंबरचे पाहुणे. आजोबांनी वेळेत अर्ज करून ठेवला असता तर आज बरं झालं असतं. पण आमचे आजोबा ओझरला शेती करत होते, त्यांच्या डोक्यात तेव्हा कांदा होता. गंमत बघा, गोल्फमध्ये काठीलाही ‘क्लब’ म्हणतात आणि जागेलाही. काठी दुकानात मिळते.

त्यामुळे पहिल्यांदा कोलंबोला गेले तेव्हा मी जरा बिचकतच होते. रॉयल कोलंबो गोल्फ क्लब १८७९ चा, नावातच ‘रॉयल’. मनात वाटत होतं, आता विचारतील कुणाच्या ओळखीनं आलात. त्यांनी विचारलं, बूट स्वतःचे आहेत की भाड्यानं हवेत? बस्स. फी भरली, नाव लिहिलं, टी टाइम मिळाला. त्या कोर्समधून केलानी व्हॅलीची रेल्वे लाइन जाते, आणि पहिला मान गाडीचा. गाडी आली की तुम्ही काठी खाली घेऊन थांबायचं. डब्यातली माणसं खिडकीतून बघतात, तुम्ही त्यांच्याकडे बघता. लोकलच्या खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहण्याचा माझा तो पहिलाच अनुभव. जाम मजा आली.

तर हा सगळा फंडा आहे ओळख न लागण्याचा. पैसे लागतात, आणि त्याहून जास्त लागतात त्या रजा. पैसा कमी-जास्त होतो, रजा होत नाहीत. आमची कंपनी वर्षाला २४ देते, त्या २४ च. डिसेंबरात सुट्ट्यांची यादी आली की बाकीचं पब्लिक दिवाळी कधी आहे ते बघतं, मी सोमवार आणि शुक्रवार बघते. कोलंबोला मुंबईहून अडीच तास. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवार-रविवार-सोमवार खेळायचं, सोमवारी रात्री परत. तीन राउंड, एक रजा. बँकॉक सव्वाचार तास, पुढे हुआ हिनला रस्त्यानं तीन तास, म्हणून दोन रजा. मॉरिशस सहा तास, तिथे चार रजांशिवाय जाऊच नये. मॉरिशसला इल ओ सर्फ नावाच्या बेटावर बर्नहार्ड लँगरनं आखलेला कोर्स आहे, तिथे बोटीनं जावं लागतं. टी टाइमला माझं आडनाव वाचून तिथल्या स्टार्टरनं विचारलं, “मराठी?” त्याची आजी मराठी बोलायची. त्याला स्वतःला गणपतीची आरती आणि झाकरीची गाणी येतात, बाकी काही नाही. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मी रजांचा विचार करणारी बाई, मला पहिला हेवा त्या सुट्टीचा वाटला!

थोडं कामाचंही सांगते, कारण मला मेसेज करून लोक तेच विचारतात. नियमानं बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. मी सात नेते. माझ्यासारखीला १४ लागत नाहीत, आणि सात काठ्यांची बॅग स्वतः उचलता येते. तिकीट काढायच्या आधी एअरलाइनचे नियम वाचा. कुणी गोल्फचा सेट नेहमीच्या सामानाच्या वजनात धरतं, कुणी वेगळे पैसे घेतं, आणि विमानतळावर भरायचे पैसे नेहमीच जास्त. सेट महाग असेल तर निघताना कस्टम्सकडून तो तुमचाच असल्याचा दाखला घ्या, म्हणजे परतताना ‘हे तिकडे घेतलं का’ ही चर्चा होत नाही. थायलंडला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुंदर आणि दर चढे. मे ते ऑक्टोबर पाऊस आणि दर उतरलेले. आपण मुंबईच्या पावसात वाढलेले, आपल्याला त्याचं काय? फक्त विजांचा भोंगा वाजला की असाल तिथून आडोशाला पळायचं. मोकळ्या माळावर हातात लोखंडी काठी धरून शौर्य दाखवायचं नसतं.

ग्रुप टूर्स निघतात, चोवीस-पंचवीस जणांच्या, बहुतेक सगळे पुरुष, बरोबर महाराज आणि ढोकळा. एकदा गेले होते. वाईट नव्हतं, पण रात्री दोनला झोपून सकाळी सहाला टी टाइम गाठणारं ते पब्लिक वेगळं. एकटीनं जाण्याचा फायदा असा की स्टार्टर तुम्हाला कुठल्या तरी तिघांत घालून देतो आणि मग साडेचार तास सुटका नाही. कोरियन दंतवैद्य, सिंगापूरचं नवरा-बायकोचं जोडपं, आपल्या नातवाला घेऊन आलेली ऑस्ट्रेलियन आजी. ऑफिसात ज्यांच्याशी मी सहा वर्षं बोलते, त्यांच्यापेक्षा या लोकांचं मला जास्त माहीत आहे.

सगळीकडेच मन रमतं असं नाही. दुबईला एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस कोर्स आहे, १९८८ चा, आखातातला पहिला गवताचा. क्लबहाऊस बेदुइनांच्या तंबूंसारखं. दुसऱ्या कोर्सवर दिवे लावून रात्री खेळता येतं. सगळं चकाचक. पण माझे बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. गंगापूर धरणातलं पाणी कुणाला किती आणि जायकवाडीला कधी सोडायचं, हे आमच्या घरात जेवताना चालायचं. वाळवंटातलं ते गवत बघून मला बाबांची फाइल आठवत राहिली. गवत सगळीकडेच पाणी पितं, हुआ हिनलाही पितं, हे मला कळतं. तरी दुबईला परत गेले नाही.

बाबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. बाबा रजा घेत नसत. साठवत. रिटायर झाले तेव्हा ३०० दिवसांची रजा शिल्लक होती. सरकारी नियमानं तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळतात, वरच्या किती बुडाल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या पैशातून घराला स्लॅब पडला, आईला फ्रिज आला आणि एक यादी झाली. कन्याकुमारी, जगन्नाथपुरी, बद्रीकेदार. कन्याकुमारी झालं. २०१८ मध्ये बाबा गेले. यादी अजून फ्रिजवरच्या डब्यात आहे, त्यांच्या सुवाच्य सरकारी अक्षरात.

२०२२ मध्ये मला टीम लीडची जागा देऊ केली. पगार चांगलाच वाढणार होता. पण अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल शुक्रवारी रात्री, आणि ‘सलग रजा शक्यतो टाळावी’ अशी प्रेमळ अपेक्षा. मी नाही म्हटलं. मॅनेजरनं काळजीनं विचारलं, “घरी काही प्रॉब्लेम?” मी म्हटलं, “नाही सर, गोल्फ.” तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. ती जागा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलाला मिळाली. मुलगा चांगला आहे. आता माझ्या रजा तोच मंजूर करतो. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याच्या आणि माझ्या पगारातला फरक मला रुपयापर्यंत माहीत असतो. झोप मात्र छान लागते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, सलग सात रजा टाकून मी स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजला गेले. गोल्फची पंढरी म्हणतात ती हीच. आपण आज १८ होल्स खेळतो ते इथल्या मंडळींनी १७६४ मध्ये आपल्या २२ चे १८ केले म्हणून. तिथे ‘न्यू कोर्स’ म्हणजे १८९५ चा, यावरून अंदाज घ्या. मला वाटलं होतं, इथे तरी नक्की मेंबर लागणार. तर ओल्ड कोर्स चक्क सार्वजनिक! हँडिकॅपचा दाखला आणि फी, दोन गोष्टी हव्यात. फी मात्र २९५ पौंड, म्हणजे तेव्हाचे तीस हजार रुपये. टी टाइमसाठी दोन दिवस आधी चिठ्ठ्या निघतात, पण त्यात किमान दोघं लागतात. एकट्यादुकट्यानं तेव्हा पहाटे रांग लावायची. २०२४ पासून ती रांग बंद झाली, एकट्यांच्याही चिठ्ठ्या निघू लागल्या. मी शेवटच्या वर्षातली रांगेवाली. पहाटे तीनला पोहोचले तर पुढे नऊ जण, कुणी स्लीपिंग बॅगमध्ये, कुणी फोल्डिंगच्या खुर्चीत. थंडीनं दात वाजत होते. पण अंगारकीला सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला काय त्याचं!

साडेअकराला तिघांच्यात जागा मिळाली. त्यातला एक गावातलाच, निवृत्त पोस्टमन. गावकऱ्यांना वर्षभराचं तिकीट अगदी थोडक्यात मिळतं. तो आठवड्यातून दोनदा खेळतो, बॅगेत माझ्यासारख्याच सात काठ्या. सतराव्या होलला, ज्याला रोड होल म्हणतात, माझा चेंडू रस्त्यावर गेला. पोस्टमन म्हणाला, “या रस्त्यावरून मी तीस वर्षं पत्रं वाटली, तुझ्यासारखे बरेच भेटले.” माझे एकूण ११२ झाले. स्कोअरकार्ड घरी फ्रेम केलेलं नाही, पण फेकलेलंही नाही.

खरं बघायचं असेल तर रविवारी थांबा. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद. अख्खं गाव तिथे फिरायला येतं. कुत्री, बाबागाड्या, काठी टेकत चालणारे आजोबा. काल ज्या गवतावर पाय ठेवायला मी तीस हजार दिले, त्यावर एक पोरगं गडाबडा लोळत होतं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, “हे तर आपल्या गोल्फ क्लबसारखंच आहे की.”

आई नाशिकला एकटी असते. दादा पुण्याला. गेल्या गणपतीत, आरती झाल्यावर, तबक हातात असतानाच दादा म्हणाला, “आईकडे राहायला तुला सुट्टी नसते, थायलंडला बरी असते.” वाक्य एवढंच. मोदक उरले होते, ते सगळ्यांनी गुपचूप खाल्ले. मी एकाआड एक शुक्रवारी ठाण्याहून पंचवटी पकडते आणि रविवारी रात्री परत येते, हे त्याला माहीत आहे. त्यात रजा जात नाही, हेही माहीत आहे. त्याला म्हणायचं होतं ते दुसरं काहीतरी, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. आईला २०२४ मध्ये ताप आला तेव्हा मी चियांग माईला होते आणि दादा रात्री अकराला गाडी काढून नाशिकला गेला होता. त्याच्याकडे गाडी आहे. खऱ्या नावाची.

मी आईला विचारलं, तुला काय वाटतं? आई म्हणाली, “मला एकदा दाखव तरी काय करतेस ते.” म्हणून गेल्या जानेवारीत आईला हुआ हिनला नेलं. रॉयल हुआ हिन हा तिकडचा सगळ्यात जुना कोर्स, १९२४ चा, रेल्वेच्या एका स्कॉटिश इंजिनिअरनं आखलेला आणि स्टेशनच्या अगदी समोर. आई नऊवारीतली नाही, पाचवारीतली. खाली दादानं दिलेले स्पोर्ट्स शूज. पहिल्या नऊ होल्स ती बग्गीत बसायला तयारच नव्हती. चालली. माकडं बघून खूश झाली. सगळं निरखून झाल्यावर म्हणाली, “एवढ्या जागेत एक मेथीचा वाफा नाही.”

थायलंडमध्ये बहुतेक कोर्सवर कॅडी घ्यावीच लागते आणि कॅडी जवळजवळ सगळ्या बायका असतात. मोठी टोपी, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं, फक्त डोळे दिसतात. आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “द्राक्षाच्या बागेतल्या बायका अशाच बांधून घेतात गं.” मी दहा वर्षं या बायकांबरोबर चालते, हे माझ्या कधी लक्षातच... असो. आमची कॅडी पंचेचाळिशीची होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, गर्दीच्या दिवसांत रोज एक बॅग मिळते, पावसात तीन दिवसांनी. मुलगी नर्सिंग शिकते. बाराव्या होलला ऊन चढलं तेव्हा आईनं आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली. बिचारी इतकी अवघडली! तिचं काम आमच्यावर छत्री धरायचं. दोघी एकमेकींच्या हातातून छत्री ओढत होत्या, आणि मी पट करायचा सोडून बघत होते.

शेवटी टिप द्यायची असते. रिवाज साधारण चार-पाचशे बाटचा. मी पाचशे काढले. आई म्हणाली, “किती झाले आपले?” मी सांगितलं. “आणि विमानाला किती दिलेस?” मी तेही सांगितलं. आई काही बोलली नाही. मी हजार दिले. आईनं मान हलवली, पण ती ‘बरोबर’ अशी होती की ‘तुझं तू बघ’ अशी, ते कळलं नाही. त्या संध्याकाळी समुद्रावर मक्याचं कणीस खाताना तिनं विचारलं, “इथून जगन्नाथपुरीला विमान आहे का?” मी म्हटलं, आई, पुरी आपल्याच देशात आहे. “मग तिथे गोल्फ नाही का?” पुरीचं माहीत नव्हतं, म्हणून मी तिथेच बसून फोनवर शोधलं. भुवनेश्वरला आहे.

तर यंदाच्या २४ रजांचं असं आहे. हुआ हिनच्या दोन जानेवारीतच संपल्या. सहा आईच्या डोळ्यांच्या, मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन आहे आणि या वेळी मी राहणार हे दादाला मेसेज करून कळवलंय. त्यानं अंगठा पाठवला. पाच पुरीच्या, आई आणि मी, पैकी एक दिवस भुवनेश्वर. चार मॉरिशसच्या, एक दिवाळीची, दोन तापबिपासाठी. उरल्या चार. ऑक्टोबरात एक सोमवार आहे, कोलंबोचं तिकीट अठरा हजार दाखवतंय. बॉसला अजून विचारलेलं नाही.